पाद्री बंगल्याचा नकाशा

नगरपालिकेचा माणूस फीत घेऊन आला,
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्या हातात.
घरपट्टी नव्यानं बसवायची आहे.
भिंत? अडीच फूट.
काळा दगड, मधे चुना,
चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी.
त्यानं नुसतं अडीच लिहिलं.

छप्पर उतरतं. फारच उतरतं.
अंबड रस्त्याच्या ह्या पट्ट्यात
जुनी घरं सगळी धाब्याची, पांढऱ्या मातीची,
चैतात वर गोधड्या टाकून झोपायची.
पाद्र्यानं मात्र आपल्या गावचं छप्पर आठवून कागदावर काढलं.
माझा पणजोबा कोंडिबा गवंडी म्हणाला,
साहेब, एवढा उतार कशापायी?
बर्फ घसरून पडावा म्हणून, दुभाष्यानं सांगितलं.
कोंडिबानं मान डोलावली आणि उतार बांधला.
बर्फ म्हणजे काय,
हे त्यानं मरेस्तोवर कुणाला विचारलं नाही.

शेकोटीचं तसंच.
बैठकीच्या भिंतीत कमान, वर धुराडं.
पहिल्या नाताळाला मडमेनं बाभळीची दोन लाकडं पेटवली
आणि धूर खोलीतच फिरत राहिला.
कोंडिबानं धुराडं वरून बुजवलं होतं.
एवढं भोक उघडं ठेवलं तर पाणी आत येईल,
असं त्याला अगदी मनापासून वाटलं होतं.
आता तिथं गव्हाची कोठी आहे.
अशी बसली आहे की
कमान तिच्याच मापानं काढली असावी.

तीन अंगांची ही खिडकी देवळाकडे.
इथं बसून पाद्री रविवारी माणसं मोजायचा.
देऊळ आता बाभळींनी झाकलंय.
त्यांच्या पलीकडे सळईच्या कारखान्याचं धुराडं,
त्याचा धूर मात्र
सरळ वर जातो.

मुख्य दरवाजा कुठला?
फीत गुंडाळत त्यानं विचारलं.

दोन आहेत.
पूर्वेचा सागवानी, आठ फुटी, टोकदार कमानीचा,
छावणीतल्या पाहुण्यांसाठी.
दक्षिणेचा ठेंगणा, सत्तावीस इंच रुंद,
कोयनेलच्या गोळ्या, दुधाची भुकटी,
शिफारशीची चिठ्ठी मागायला येणाऱ्यांसाठी.
दोन्ही कोंडिबानंच बांधले.
बांधताना दोन्हींतून आतबाहेर करत होता,
बांधून झाल्यावर
एकातूनच.
पुढे पाणी घेऊन तो शांतवन झाला,
तरी दार तेच राहिलं.

मिशननं बंगला विकायला काढला तेव्हा
दवाखान्यातले कंपाउंडर, माझे वडील एलिया,
फंडातला पैसा न् पैसा घालून मालक झाले.
खरेदीखत खिशात घालून आले,
ते दक्षिणेकडून, वाकून.
पूर्वेच्या दाराला आतून कपाट लावलं,
आणि त्यालाच टेकून आईचं शिलाई मशीन.
गॅसची टाकी, टँकरच्या पाण्याचे ड्रम,
दोन सुना, एक कूलर,
सगळं सत्तावीस इंचांतून आलं.

आई तेवढी गेली नाही.

पेटी तिरपी करून पाहिली.
कड्या चौकटीला अडकत होत्या.
उभी करा, कुणीतरी म्हणालं.
सुवार्ता, माझी बहीण, एवढंच म्हणाली,
नाही.
मग मशीन उचललं, कपाट ओढलं,
कडीला खोबऱ्याचं तेल, वर हातोडा.
दार उघडलं तेव्हा
सकाळचं ऊन बैठकीत कुठवर येतं
ते आम्हाला पहिल्यांदा कळलं.
थेट कोठीपर्यंत.
कोंडिबाला हे ठाऊक असणार.
गवंड्याला ऊन कळतं.

नगरपालिकेचा माणूस अजून थांबलाय,
पेन कागदावर टेकवून.
लिहा, पूर्वेचा, मी म्हणतो.
तो दक्षिणेकडे बघतो,
तिथं आमच्या सगळ्यांच्या चपला.
काही बोलत नाही, लिहितो.

चला, चहा झालाय,
म्हणत मी पुढे होतो,
आणि मान
आपली आपणच खाली जाते.